वस्तरा खाली ठेवून

आमच्या ह्यांना तोंड मिटून दाढी करता येत नाही. म्हणजे गिऱ्हाइकाची दाढी. स्वतःची करताना हे अगदी गप्प असतात, कारण समोर आरशात जो ऐकणारा असतो त्याला सगळं आधीच माहीत असतं. पण खुर्चीत दुसरं कुणी येऊन बसलं, मानेभोवती टॉवेल गेला, की ह्यांची टकळी सुरू झालीच म्हणून समजा.

मला हे सगळं ऐकावंच लागतं, जाणार कुठे? आमचं दुकान म्हणजे एकच खोली, मधे प्लायवूड ठोकून दोन केलेली, त्यात जायला-यायला एक छोटं दार. रस्त्याकडे ह्यांचं सलून. दोन खुर्च्या, त्यातली एक मोडकी, तिच्यावर टॉवेल वाळतात. गल्लीकडून माझं पार्लर. एक खुर्ची, एक आरसा आणि कोपऱ्यात एक पडदा. पडद्यामागे मुंगी अभ्यास करते. मुंगी म्हणजे आमची मुलगी. रांगायला लागली तेव्हा भिंतीच्या कडेकडेने जायची म्हणून ह्यांनी ते नाव ठेवलं, आणि ते असं चिकटलं की शाळेतल्या बाईसुद्धा कधी कधी तेच म्हणतात. प्लायवूड छतापर्यंत पोचत नाही. त्यामुळे तिकडे कुणी शिंकलं की इकडे भुवया कोरायला बसलेली बाई दचकते.

माणूस वाईट नाही हो. वडिलांचा हात थरथर कापायला लागला तेव्हा ह्यांनी शाळा सोडली आणि खुर्चीमागे उभे राहिले, ते आजतागायत उभेच आहेत. हात असा हलका की गिऱ्हाइकं खुर्चीत घोरतात. मानेवर मागे जी सरळ रेघ मारतात ना, तिचा ह्यांना भारी अभिमान. रस्त्याने माझ्याबरोबर चालताना माणसांच्या चेहऱ्यांकडे बघत नाहीत, मानांकडे बघतात. "हे बघ, हे चौकातल्या दुकानात कापलेत. मागे पायऱ्या पाडल्यात पायऱ्या!" अरे, लोक ऐकतात, जरा हळू बोला, असं सांगून मी थकले.

आणि एक खोड. गालावर वस्तरा असेपर्यंत हे नुसती माहिती पुरवतात. वस्तरा गळ्यावर आला की प्रश्न विचारतात. "काय काका, हल्ली तुमचा पाव लहान झालाय, खरं ना?" आता शेजारचे बेकरीवाले काका, एरवी जिभेला हाड नसलेला माणूस, पण गळ्यावर धारदार पातं असताना कोण वाद घालणार? ते आपले श्वास रोखून "हं" करतात. "मान्य केलं!" असं हे वस्तरा वर करून जाहीर करतात आणि बाकावरचे सगळे हसतात. घरात आजवर एक वाद जिंकले नाहीत बिचारे. तिथे रोज जिंकतात. मीही कितीदा फळीअलीकडे हसले आहे. तेव्हा कुठे माहीत होतं, हेच एक दिवस आमच्या गळ्याशी येणार आहे म्हणून.

मुंगी दहावीला होती. डोकं चांगलं, पण स्वभाव भित्रा. तिच्या मुख्याध्यापक बाईंनी तिला बोलावून सांगितलं, पुलापलीकडच्या मोठ्या शाळेत दोन वर्षांचा आंतरराष्ट्रीय डिप्लोमा आहे, बाहेरच्या शाळेतल्या एका मुलाला किंवा मुलीला तिथे बिनफीचं घेतात, आधी लेखी परीक्षा, मग मुलाखत, बस तू. ही बसली आणि लेखी पास झाली! त्या दिवशी मी दुपारीच पार्लर बंद केलं.

मग तिने त्या डिप्लोमाचं माहितीपुस्तक घरी आणलं आणि आम्ही ते पानन् पान वाचलं. सहा विषय. शिवाय स्वतः शोध घेऊन लिहायचा एक लांबलचक निबंध. शिवाय समाजसेवा. शिवाय, आपल्याला जे माहीत आहे ते कशावरून माहीत आहे, असा एक अख्खा विषय. माझ्या सासूबाई तो विषय न शिकता रोज घ्यायच्या. "कशावरून म्हणतेस?" म्हणून उलटतपासणी! पण मुंगीला हसू येईना. तिच्या ओळखीची एक मुलगी तो डिप्लोमा करत होती, तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती आणि ती भर दुपारी बसमधे झोपून शेवटच्या थांब्यावर उतरायची. मुंगीची जिवाभावाची मैत्रीण साध्या कॉलेजात जाणार होती, घराजवळच्या. मुंगी सकाळी म्हणायची, "जाते." संध्याकाळी म्हणायची, "नकोच."

"तिचं तिला ठरवू द्या," मी ह्यांना बजावलं. "मधे लुडबुड करायची नाही."

"मी कशाला करतोय!" हे म्हणाले. आणि तसं बोलताना टॉवेल झटकला, तेव्हाच मला समजायला हवं होतं.

कारण असं होतं की त्या डिप्लोमाचे प्रमुख, ज्यांना आम्ही नुसतं सर म्हणतो, ते ह्यांचेच गिऱ्हाईक. दर शनिवारी सकाळी यायचे. अबोल माणूस. मान बारीक, कातडी अशी नाजूक की जरा चुकलं की पुरळ. ह्यांनी त्यांच्यासाठी वेगळा ब्रश ठेवला होता. मुंगीने बापाला समोर बसवून सांगितलं होतं, "बाबा, सरांसमोर माझा विषय काढायचा नाही. मला शब्द द्या."

ह्यांनी शब्द दिला. तिच्या डोक्यावर हात ठेवून दिला.

आणि पुढच्याच शनिवारी, मी एका बाईच्या भुवया करत होते, दोरा दातात, तेव्हा पलीकडे वस्तऱ्याची खरखर गालावरून खाली उतरली आणि थांबली. माझ्या मनात आलं, नको. अहो, नको.

"सर, आमची मुंगी येणार बरं का मुलाखतीला," ह्यांचा आवाज आला, अगदी लाडात. "घ्याल ना तिला?"

मग सर म्हणाले, "हं."

"मान्य केलं!"

बाकावरचे हसले. माझा दोरा तुटला. त्या बाईची एक भुवई त्या दिवशी जरा बारीक गेली, ती अजून मला ऐकवते. सर तुरटी लावायलासुद्धा थांबले नाहीत, मानेवर फेस तसाच घेऊन रस्त्याला लागले. मी छोट्या दारातून पलीकडे गेले आणि ह्यांच्याकडे नुसतं बघितलं. तर हे हसताहेत! "अगं, झालं काम! सर हो म्हणाले."

पुढचं काय सांगू? ज्याच्या हाताखालून दिवसभर अख्ख्या रस्त्याची डोकी जातात, त्याला बातमी पसरवायला भोंगा लागत नाही. संध्याकाळी मुंगी वाचनालयातून परत येत होती, तिला बेकरीवाल्या काकांनी रस्त्यातच अडवलं. हातात केक, केकवर साखरेची मुंगी काढलेली. "अभिनंदन! बापाचं नाव काढलंस गं!" ती तो केक घेऊन माझ्याकडे आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर रंग नव्हता.

"आई, माझी मुलाखत अजून व्हायची आहे."

मी काही बोलायच्या आत ती छोट्या दारात जाऊन उभी राहिली. पलीकडे पाऊल टाकलं नाही, ती तिकडे कधी जात नाही. तिथूनच विचारलं, "बाबा, सर काय म्हणाले?"

"हो म्हणाले ना! मी सहज विचारलं..."

"विचारलंत तेव्हा वस्तरा कुठे होता?"

हे गप्प झाले. अहो, हे! ज्यांचं तोंड भूकंपातसुद्धा चाललं असतं! कंगव्यातले केस काढत बसले, आणि कान असे लाल झाले की मला इकडून दिसले. मला त्यांची कीव आली नाही तेव्हा. मला लाज वाटली. त्यांची वाटली, आणि इतकी वर्षं त्या "मान्य केलं"वर हसत आले म्हणून माझीही वाटली. केक कुणी खाल्ला नाही. त्याला खऱ्या मुंग्या लागल्या.

मुलाखत झाली. कशी झाली, मुंगीने सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. सर त्यानंतर दुकानात आले नाहीत. शनिवार आला की हे त्यांचा ब्रश धुऊन ठेवायचे, आणि दुपारी परत खणात टाकायचे.

मग त्या मोठ्या शाळेतून फोन आला. मुंगीची निवड झाली होती. फी माफ, पुस्तकं शाळेची. आठवड्याअखेर पालकांची सभा आहे, त्यानंतर दोन दिवसांत येणार की नाही ते कळवा.

एखाद्या घरात उड्या मारल्या असत्या. आमच्या घरात मुंगीने फोन ठेवला आणि म्हणाली, "मी नाही जाणार."

"का गं?"

"ही जागा मला मिळाली की वस्तऱ्याला मिळाली, सांग तू मला."

मला कुठे माहीत होतं?

सभेला मात्र गेलो तिघंही, कारण बोलावलं होतं. मोठा हॉल, गुळगुळीत फरशी, अत्तर लावलेले आईबाप. ह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि हात पाठीमागे धरले होते, जसे काही हातांनीच गुन्हा केलाय. सर बोलायला उभे राहिले. फळ्यावर काही लिहायला वळले, आणि ह्यांनी माझं मनगट घट्ट पकडलं.

"दुसरीकडे कापलेत," हे कुजबुजले. कुणी गेल्याची बातमी सांगावी तसे. मी बघितलं. सरांच्या मानेवर मागे रेघ तिरकी होती, आणि कानाखाली पुरळ उठलं होतं.

सर सगळ्यांना सांगत होते, "हा अभ्यासक्रम मुलाने स्वतः निवडायचा आहे. पालकांच्या हौसेखातर आलेलं मूल इथे टिकत नाही. आणि इथे कुणाच्या शब्दाने प्रवेश मिळत नाही." पुढच्या रांगेतल्या लोकांनी माना डोलावल्या. आम्ही तिघंच खाली बघत होतो. फरशी इतकी स्वच्छ होती की तिच्यातही आमचीच तोंडं दिसत होती.

सभा संपल्यावर हे सरांकडे गेले. मला वाटलं आता पुन्हा काहीतरी बोलून बसणार, म्हणून मी मुंगीला घेऊन मागे धावले. पण ह्यांच्या तोंडून नीट शब्दच फुटेना. "सर, ते मी त्या दिवशी... चुकलं माझं."

सरांनी आम्हाला बाजूच्या व्हरांड्यात नेलं. आणि गंमत बघा, त्यांनाही आमच्याकडे बघवेना.

"चूक माझीही आहे," ते म्हणाले. "मी हं म्हणायला नको होतं. टॉवेल काढल्यावर तरी सांगायचं होतं की असं चालत नाही. धीर झाला नाही. म्हणून मग तुमच्याकडे यायचंच बंद केलं. त्याची लाज वाटते मला."

मग ते मुंगीकडे वळले. "तुझ्या मुलाखतीला मी खोलीबाहेर गेलो होतो. गुण बाकीच्या परीक्षकांनी दिले." मुंगीने पहिल्यांदा मान वर केली. सर पुढे म्हणाले, "पण बाहेर जाताना त्यांच्यातल्या एकांनी विचारलं, तुम्ही ओळखता का हिच्या घरच्यांना? मी म्हटलं, ओळखतो, चांगली माणसं आहेत. तेवढं तरी का बोललो, कोण जाणे. त्याने काही फरक पडला का, मला माहीत नाही. पडला नाही असं मी तुला खोटं सांगणार नाही."

मला त्या माणसाचा राग यावा की त्याच्या पाया पडावं, कळेना. निदान खोटं तरी बोला की! पोरीला सुटल्यासारखं झालं असतं. मुंगी फक्त "ठीक आहे" म्हणाली आणि चालायला लागली.

दुकानात परत आलो. ह्यांनी शटर अर्धं ओढलं आणि तिकडे मोरीत टॉवेल धुवायला बसले. इकडे माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. "झालं समाधान? आता सगळ्यांनी मिळून त्या एका "हं"ला कवटाळून बसा जन्मभर! आणि तू गं? तुला जायचं नाही ते वस्तऱ्यापायी, की तुझी पाचावर धारण बसली आहे म्हणून? खरं बोल."

मुंगीने आधी तोंड फिरवलं. मग पडदा मुठीत धरून रडायलाच लागली. "दोन्ही," ती म्हणाली. "मला त्या अभ्यासाची भीती वाटते, आई. आधीपासूनच वाटत होती. बाबांनी असं केल्यावर मला राग आला, पण आतून बरंही वाटलं. आता नाही म्हटलं तरी मला कुणी भित्री म्हणणार नाही, बाबांनाच बोलतील. असा विचार केला मी. शी! मलाच माझी लाज वाटते."

पलीकडे नळ बंद झाला होता. कधी बंद झाला देव जाणे. इतकी वर्षं मी फळीअलीकडून ह्यांचं ऐकत आले, पण फळीपलीकडे आमचंही ऐकू जातं, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. जरा वेळाने नळ पुन्हा सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं गिऱ्हाईक म्हणजे बेकरीवाले काका. टॉवेल गेला, पण फेसाचा आवाज येईना. मी कान दिले.

"काका, आधी एक सांगायचंय. वस्तरा तिकडे ठेवलाय बघा, मिटून. मुंगीला प्रवेश मिळाला म्हणून मी जे सांगत सुटलो ना, ती थाप होती. तेव्हा तिची मुलाखतसुद्धा झाली नव्हती. मी सरांच्या गळ्याला वस्तरा लावून हं म्हणून घेतलं. तिला शब्द दिला होता की बोलणार नाही, तो मोडला."

काकांची खुर्ची करकरली. मग म्हणाले, "अरे मग माझा केक!"

"केक चुकला."

"आणि पोरीला मिळालं नाही?"

"मिळालंय. आता ते तिच्यामुळे की माझ्यामुळे, हे कळायला मार्ग नाही, आणि ती घाण मी केली. ती नाही गेली तर तिला कुणी एक शब्द बोलायचा नाही. काय बोलायचं ते मला बोला."

मग दाढी झाली. अख्खी दाढी, एक शब्द न बोलता. काकांना सोसवेना, तेच मधे मधे "बोल की रे काहीतरी" म्हणत होते.

त्यानंतर जो येईल त्याला हेच. टॉवेल घालायचा, हात मागे घ्यायचे आणि सांगायचं. कुणी हसलं. कुणी "जाऊ द्या हो" म्हटलं. एक तर म्हणाला, "त्यात काय एवढं, ओळख लावल्याशिवाय जगात काही होतं का?" त्याला ह्यांनी "नाही, तसं नाही" असं इतक्या हळू सांगितलं की मला इकडे भरून आलं. हाच माणूस बाकावरच्यांना हसवायचा. आज बाक त्यांच्याकडे टक लावून बघत होता आणि हे उभे होते. मला जाऊन म्हणावंसं वाटत होतं, पुरे आता. पण मी गेले नाही. पडद्यामागे मुंगीचं पुस्तक उघडं होतं आणि सकाळपासून तिने पान उलटलं नव्हतं.

दुपारी दुकान रिकामं झालं तेव्हा पडदा सरकला. मुंगी उठली, छोटं दार उघडलं आणि पलीकडे गेली. सरळ जाऊन ह्यांच्या खुर्चीत बसली. तिची वेणी कमरेपर्यंत, ती खुर्चीच्या पाठीवरून मागे लोंबत राहिली.

"बाबा, केस कापा. खांद्याच्या वर."

हे बघतच राहिले. "का गं?"

"दोन वर्षं वेणी घालत बसायला वेळ मिळणार नाही."

मी दारात उभी होते, मला काही समजेना. ती आरशात बघत सांगत होती, भरभर, आधी पाठ केल्यासारखं. "भीती वाटतेच आहे. पण सकाळपासून तुम्ही तेच तेच सांगताय, मला इथे ऐकवत नाही. कुणामुळे मिळालं ते तिथे गेल्यावर कळेल. नाही जमलं तर वस्तऱ्यामुळे मिळालं होतं. जमलं तर माझं. इथे बसून काहीच कळणार नाही."

ह्यांनी टॉवेल घातला. कात्री उचलली. वेणी हातात घेतली आणि काही विचारायला तोंड उघडलं. आणि तसंच मिटलं. कात्री आरशाखालच्या फळीवर ठेवली, वेणी अलगद सोडली, आणि खुर्चीपासून लांब, पार बाकापर्यंत मागे गेले.

तिथून विचारलं, "नक्की ना, मुंगी?"

ती खुर्चीत वळली. आरशातून नाही, मागे वळून बापाकडे बघितलं.

"हो," ती म्हणाली. "आणि बाबा, मला तुमचा राग अजून आहे."

"असू दे," हे म्हणाले.

मग पुढे आले, कात्री घेतली, पण हात असा थरथरायला लागला की ह्यांच्या वडिलांचाच हात वाटावा. शेवटी मी त्यांच्या हातातून कात्री काढून घेतली आणि वेणी मीच कापली. मानेवरची रेघ तेवढी ह्यांनी मारली. सगळा वेळ गप्प होते.